पान दोन वाचू नये

मांगेरे, ऑकलंड
३ फेब्रुवारी १९९७

आत्या,

ख्रिसमसला चार ओळी खरडून गप्प बसणारी भाची आज एवढं जाड पाकीट का पाठवते, म्हणून तुम्ही ते हातात घेऊन वजन करत असाल. त्यात साबण नाही की कापड नाही. नुसते कागद आहेत आणि ते तुमच्याकडून तपासून हवेत.

मला इथं सरकारी आरोग्य कचेरीत काम मिळालंय. दवाखान्यात वाटायचे कागद इंग्रजीतून आपल्या टोंगन भाषेत करायचे. आतापर्यंत डास, गोवर, साखरेचा आजार असं चाललं होतं. आता बायकांच्या तपासणीचा कागद आलाय. गर्भाशयाच्या तोंडाशी रोग सुरू होतो, तो तपासणीत आधीच कळला तर बाई वाचते, उशिरा कळला तर नाही. एवढंच सांगायचंय. पण इंग्रजी कागद असा सांगतो, जसं काही मोटारीचा टायर बदलायला शिकवतोय. मी दोनदा लिहून पाहिलं. पहिल्यांदा इतकं आदबशीर झालं की चर्चमधल्या एका बाईनं वाचून विचारलं, "हे दातांचं आहे ना गं?" दुसऱ्यांदा उघडं लिहिलं, तर म्हाताऱ्या बायकांनी पंख्यानं तोंडं झाकली आणि कागद माझ्या मांडीवर परत आला.

म्हणून तुमच्याकडे आले. तुमच्या हाताखाली गावातल्या सगळ्या बायका झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसतात. तिथं वाचून दाखवा. कोण कुठं हसलं, कोण कुठं उठून गेलं, सगळं कळवा. पान एक कुणीही वाचावं, त्यात दवाखान्याच्या वेळा वगैरे आहेत. पान दोन मात्र फक्त बायकांत.

आणि पौलासी दादाच्या नजरेला हे पडू देऊ नका. तुम्हाला काय सांगायचं म्हणा! लहानपणी रेडिओवर बाळंतिणीच्या टॉनिकची जाहिरात लागली की तो एका दारानं बाहेर पडायचा आणि मी दुसऱ्या. रेडिओ बिचारा एकटाच बोलत बसायचा.

जूनअखेर कागद छापायला जाणार. तो फसला तर बायका चुलीत घालतील, आणि आईचं जे झालं ते आणखी कुणाकुणाचं होईल. आईचं खरं काय झालं हे तुम्हालाही माहीत नाही. तेही लिहीन, जरा धीर गोळा करू द्या.

तुमची
लोसाना

*

२४ फेब्रुवारी

लोसाना,

अक्षर माझं नाही हे तुला कळलंच असेल. डोळ्यांवर पडदा आलाय. माणूस दिसतं, पण त्याचं नाक दिसत नाही. हे मी, पाळकाची मुलगी फुसी आणि तुझा भाऊ, एवढ्यांनाच ठाऊक आहे. कापडावरच्या रेघा मी अजून बोटांनी चाचपून आखते आणि बायकांना वाटतं मी फार बारकाईनं बघते. हेपिसिपाला दिसत नाही असं कळलं तर उद्याच्या उद्या ती वेइलोआ माझ्या जागेवर येऊन बसेल. तेव्हा तोंड बंद ठेव. फुसीला मी बायबलवर हात ठेवायला लावलाय. तुझ्या भावाला नुसतं सांगितलं. त्याला आत्याचा शब्द पुरतो.

तुझा कागद फुसीनं कुटण्याच्या घरात वाचला. मी म्हटलं, माझा चष्मा घरी राहिला. पोरगी चांगली वाचते, नको तिथं आवाज बारीक करते, पण वाचते.

आता ऐक. पहिली गोष्ट म्हणजे तुझ्या त्या चित्रातल्या बाईला डोकं नाही, पाय नाहीत. कंबरेपाशी कापलेली बाई बघून सगळ्या मोगऱ्या थांबल्या. वेइलोआ म्हणाली, "हिला कुणी मारलं?" दुसरी म्हणाली, "मारलं ते मारलं, कपडे तरी ठेवायचे होते." मग ज्या हसत सुटल्या, त्या जेवणापर्यंत हसत होत्या. तुझं काही ऐकलं नाही. बाईला डोकं दे. अंगावर कपडा दे, चारचौघांत जाताना आपण गुंडाळतो तशी कमरेला चटई दे. मग बायका तिचं ऐकतील.

दुसरी गोष्ट, सारखी माफी मागू नकोस. "क्षमा असावी, बोलू नये ते बोलते" असं चारदा लिहिलंयस. एवढी माफी ऐकली की बाईला वाटतं तिनंच काहीतरी पाप केलंय.

नवा कागद पाठव. मला स्वतःलाही ऐकायचाय, नीट.

हेपिसिपा

ता.क. लोसानाताई, मी फुसी. मी टाइपरायटर शिकतेय! पौलासी मास्तर संध्याकाळी शाळेचं मशीन वापरू देतात. यापुढं पत्रं छापील येतील बघा.

*

मांगेरे
१४ मार्च

आत्या,

तुमचं पत्र कचेरीत वाचून दाखवलं. आमच्या साहेबीणबाई आधी हसल्या, मग वहीत लिहून घेतलं. बाईला डोकं मिळालंय. चेहरा जरा तुमच्यासारखाच झालाय, रागावू नका. क्षमा चारही ठिकाणची काढली. पान एक सोबत आहेच, त्यात नवं काही नाही.

पान दोन

हे फुसीनं फक्त तुम्हाला वाचून दाखवावं, मग बायकांना.

"ही तपासणी लाजेची नाही. जिथून आपली लेकरं आली त्या जागेची ती काळजी आहे. तपासणारी बाईच असेल, तसं मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाळी बंद होऊन वर्षं लोटली आणि पुन्हा रक्त दिसलं, अगदी थोडं का होईना, तर वाट पाहू नका. नर्सकडे जा. यात तुमची काही चूक नाही."

चौथी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती कशी ऐकली जाते ते कळवा.

आता आईचं. आत्या, आई हृदयानं गेली नाही. पौलासीला आणि गावाला मी तसं कळवलं, कारण मलाही तेच सांगितलं होतं. ती गेल्यावर कागदपत्रं हातात आली तेव्हा कळलं. आईला हाच रोग होता. तिला दीड वर्ष आधीपासून रक्त जात होतं. इथल्या इस्पितळात दुभाषा दिला होता, आपल्याच चर्चमधला, आईचा चुलतभाऊ लागायचा. डॉक्टर विचारायची, तो खाली मान घालून टोंगनमध्ये सांगायचा आणि आई भावासमोर काय बोलणार? ती प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणाली. रक्त जातं का? नाही. दुखतं का? नाही. कागदावर ओळीनं सात वेळा "नाही" लिहिलेलं आहे, आत्या. त्याचाही दोष नाही, तिचाही नाही, आणि म्हणून मला कुणावर रागावताही येत नाही. मी हा कागद त्या सात "नाहीं"साठी लिहितेय.

पौलासीला हे कधी कळू नये. कसं सांगणार आणि कोण सांगणार?

लोसाना

*

७ एप्रिल

लोसाना,

तुझं पत्र पोचलं. दवाखान्याच्या वेळा कळल्या. बाईला डोकं मिळालं हे बरं झालं.

इकडे निरफणस यंदा लवकर धरला. बोट दोन आठवडे आली नाही, वारा होता. पौलासी शाळेचं छप्पर स्वतः चढून दुरुस्त करतो, पडला म्हणजे कळेल. त्याची बायको अजून तुमच्या न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेलीच आहे, मे संपता संपता येईल.

बायकांच्या कागदाचं तू पुढं काहीच लिहिलं नाहीस. एवढी घाई होती ना तुला? मला वाटलं होतं नवा कागद येईल. मला तो ऐकायचा होता असं मी लिहिलं होतं.

प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्या बायका पांढऱ्यात असतात, गेले तीन महिने मी पांढरं नेसले नाही. काळंच नेसते. कुटायला जाते ती मागच्या रांगेत, जाड चटई खाली घेऊन बसते. तू शहाणी आहेस, एवढं पुरे.

हेपिसिपा

टीप: आलेल्या पत्रातील पान दोन वाचून दाखवता आलेलं नाही.
— लेखनिक

*

मांगेरे
२१ एप्रिल

आत्या,

माझा नुसता गोंधळ उडालाय. मी कागद पाठवला, तुम्ही म्हणता पाठवला नाहीस. मी आईबद्दल एवढं लिहिलं, त्यावर तुम्ही निरफणस! मग टीप वाचली आणि डोक्यात प्रकाश पडला.

काळे कपडे वाचून मात्र रडू आलं. आई जाऊन दोन वर्षं झाली, अजून तुम्ही भावजयीचं सुतक धरून आहात. पण आता पुरे. मी पांढरं कापड पाठवतेय, लेस लावलेलं. पुढच्या प्रभुभोजनाला ते नेसा, माझी शपथ आहे.

आता पुढचं फुसीसाठी.

लेखनिकबाई! अगं फुसी, टाइपरायटर काय शिकलीस, थेट हुद्दाच घेतलास? "वाचून दाखवता आलेलं नाही" म्हणे! का, जीभ भाजली होती? पाळकाची मुलगी म्हणून एवढी लाजतेस, उद्या लग्न होईल, पोट येईल, तेव्हा काय डोळे मिटून बाळंत होणार आहेस? तुझ्या अंगात जे आहे तेच त्या कागदात लिहिलंय, दुसरं काही नाही. पंखा तोंडावर धर हवं तर, पण आत्यांसमोर बस आणि पान दोन मोठ्यानं वाच. आरशात बघत सराव कर. पान दोन पुन्हा जोडलंय. या वेळी सबब चालणार नाही, नाहीतर तुझ्या आईला कळवीन की मुलगी दुबळ्या मनाची निघाली.

आत्या, जून जवळ येतोय. चौथी ओळ ऐका आणि कळवा.

लोसाना

*

१२ मे

लोसाना,

पांढरं कापड पोचलं. पेटीत ठेवलं.

मी तुला एक सांगते आणि तू दुसरंच समजतेस. मला कसलं सुतक? तुझी आई माझी लाडकी होती, पण सुतक धरायचे दिवस केव्हाच संपले. मला वाटलं एवढं शिकलेली मुलगी, बायकांचे कागद लिहिणारी, तिला बाईचं अर्धं बोलणं कळेल. जाऊ दे. मलाही आजकाल काही कळेनासं झालंय. तुझी पत्रं ऐकते ती चालता चालता खड्डा यावा तशी मध्येच तुटतात. विचारलं तर उत्तर येतं, "एवढंच आहे." आणि पुढं खोकला.

मला थकवा असतो. कुटायला गेले दोन आठवडे गेले नाही, पाठ दुखते असं सांगितलं. वेइलोआ माझ्या जागेवर बसू लागली आहे.

फुसी असती तर बरं झालं असतं. ती मार्चमध्येच मोठ्या बेटावर मावशीकडे गेली, नर्सच्या शाळेत नाव लागलं तिचं.

हेपिसिपा

टीप: वरचा शेवटचा परिच्छेद आत्यांनी खोडायला सांगितला होता. खोडलेला नाही. पान दोनसंबंधी सूचना मिळाली. ती पाळणं शक्य नाही.
— लेखनिक

*

मांगेरे
२६ मे

फुसी,

तुझा पत्ता तुझ्या आईला फोन करून घेतला. तू मार्चपासून तिथं आहेस? मग गेले दोन महिने आत्यांची पत्रं कोण वाचतंय, कोण टाइप करतंय, म्हणून मी सकाळपासून डोकं धरून बसले होते. आधी वाटलं तुझी आईच असेल. मग ती शेवटची टीप पुन्हा वाचली. "आत्यांनी खोडायला सांगितला होता."

आत्यांनी! सगळं गाव त्यांना हेपिसिपाबाई म्हणतं, तू आजी म्हणतेस. आमच्या बापाला एकच बहीण आणि आम्ही दोनच मुलं. जगात त्यांना आत्या म्हणणारी दोनच माणसं आहेत. एक मी.

फुसी, मी माझ्या भावाला लिहिलंय की पोट येईल तेव्हा डोळे मिटून बाळंत होणार का! आरशात बघून सराव कर असं लिहिलंय! मला जमीन फाटून आत घेईल तर बरं. आम्ही एका खोलीत कधी सिनेमा बघितला नाही, मी वयात आले त्या वर्षी तो मुलांच्या झोपडीत झोपायला गेला, तो आजतागायत माझ्याशी हवापाण्याशिवाय बोललेला नाही. आणि मी त्याच्या हातात पान दोन दिलं, दोनदा. त्यात आईचंही सगळं आहे. त्याला ते असं कळलं, शाळेत, मशीनसमोर एकट्याला.

आता त्यानं नाव का लिहिलं नाही ते समजतंय. नाव नाही तोवर त्यानं काही वाचलेलं नाही. तो माझी लाज राखत होता आणि मी त्याला पाळकाची मुलगी म्हणून झोडत होते.

मला आत्यांना पत्र लिहिता येत नाही. जे लिहीन ते त्याच्याच हातात जाणार. फोन दुकानात, तिथं अख्खं गाव. माफी मागावी तरी कबूल केल्यासारखं होतं. तूच सांग काय करू?

आणि एक विचारायचंय. तू त्यांच्याजवळ होतीस. त्या पांढरं का नेसत नाहीत? सुतक नाही म्हणतात. मग काय? जाड चटई कशाला? अडुसष्ट वर्षांची बाई पांढरं नेसायला कशाला भिते, फुसी? मी चार महिने तीच ओळ लिहितेय, खोडतेय, पुन्हा लिहितेय, आणि ती बाई मला सांगत होती तेव्हा मी तिला लेस पाठवली.

टपालाची वाट बघू नकोस, मिळेल तसा निरोप दे. मी रजा मागतेय.

लोसाना

*

२ जून

लोसाना यांस,

हे पत्र आत्यांनी सांगितलेलं नाही. लेखनिकानं स्वतः लिहिलं आहे. त्यात काही चुकल्यास आत्यांना दोष देऊ नये.

पान दोन कुणालाही वाचून दाखवलेलं नाही. परंतु टाइपरायटरशेजारी कागद पडलेला असला की समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढं तो येतो, त्याला इलाज नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही आला. त्यातली चौथी ओळ अशी होती की ती डोळ्यांपुढून हलेना.

त्या सुमारास घरामागच्या दोरीवर पांढरं काही वाळत नसे. काळ्या कपड्यांचं गाठोडं गाव उठण्याआधी समुद्रावर जाई आणि ओलं परत येई. लेखनिक ते रोज पाहत होता, पण चौथ्या ओळीआधी त्याला त्याचा अर्थ नव्हता. आत्यांना विचारणं शक्य नव्हतं. आत्यांनी सांगणंही शक्य नव्हतं. दुसऱ्या बाईला वाचायला बोलवावं तर आत्यांचा हुकूम होता की डोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही.

मागच्या मंगळवारी लेखनिकानं पान दोन घडी करून चटईच्या गुंडाळीत घातलं आणि दवाखान्याच्या नर्सबाईंकडे नेऊन दिलं. सांगितलं, हे तुमचं टपाल चुकून शाळेत आलेलं दिसतं. आणि सांगितलं की हेपिसिपाबाईंना दिसत नाही, एकदा घरी येऊन डोळे बघून जा. नर्सबाईंनी तिथंच घडी उघडली, वाचली, लेखनिकाकडे पाहिलं नाही, आणि दुपारीच आल्या. दार लावून दीड तास बसल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, डोळ्यांसाठी मोठ्या बेटावर न्यावं लागेल, या बोटीनंच.

गावात सगळे हेपिसिपाबाईंच्या डोळ्यांबद्दल बोलत आहेत. दुसरं कुणी काही बोलत नाही.

आत्या शनिवारी बोटीवर चढल्या. डोळ्यांचं गुपित फोडलं म्हणून त्यांनी पौलासीला सगळ्यांदेखत सांगितलं की यापुढं त्याच्या हातचं काही खाणार नाही आणि त्याच्या शेतातलं काही घेणार नाही. आत्यानं असं म्हणून टाकलेला माणूस गावात कसा राहतो ते आपल्याला माहीत आहे. पण बोट सुटली, हे महत्त्वाचं. कुणी मुलगी तिथं त्यांच्याजवळ असेल तर बरं होईल.

पान दोनच्या खालच्या भागात एका बाईविषयी मजकूर होता. लेखनिकाला दोन वर्षं वाटत होतं की ते हृदय होतं. शेवटच्या उन्हाळ्यात तिनं फोनवर "बरी आहे ना?" याला "हो" म्हटलं होतं, आणि त्यानं ते मानलं होतं. सात वेळा नाही, एकदा हो. लेखनिकाला हे कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिलं. वाचून विसरावं.

छापायच्या कागदाविषयी एक सूचना. बोटीवरून टपाल उतरवतो तो पुरुष, घरी आणतो तो पुरुष, शाळेत वाटतो तोही. कागद आधी आमच्याच हातात पडतो. तेव्हा तो असा घडी करून छापावा की वर नुसतं कापडाच्या नक्षीचं चित्र दिसेल. त्यावर एवढंच लिहावं: ज्याच्या हाती पडेल त्यानं न उघडता घरातल्या बाईला द्यावं. पुरुष एवढं आनंदानं करतील. त्यांना फक्त काही न वाचता करता येण्यासारखं काम हवं असतं.

— लेखनिक

*

नुकुआलोफा
३० जून

लेखनिकबाईंस,

तुमचं पत्र ऑकलंडला जाऊन, तिथून फुसीच्या मावशीच्या पत्त्यावर फिरून, परवा हाती आलं. तोवर मी विमानानं इथं मोठ्या बेटावर, आत्यांजवळ पोचले होते. फुसी रोज नर्सशाळेतून येऊन बसते.

आधी तुमची माफी. एप्रिलच्या पत्रात मी तुम्हाला अद्वातद्वा बोलले. तुम्ही दुबळ्या मनाच्या आहात असं लिहिलं. माझं चुकलं. तुमच्यासारखी खंबीर बाई मी दुसरी पाहिली नाही.

आत्यांच्या डोळ्यांवर उपचार झाले. आधी दुसरं एक काम होतं, तेही झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर आणखी गेला असता तर त्यांना काही करता आलं नसतं. आता करता आलं. पुढं काय ते सहा महिन्यांनी कळेल, त्या पक्कं काही सांगत नाहीत आणि मीही रोज आशा आणि भीती आलटून पालटून करते. पण आत्या बसून जेवतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, "डोळे दाखवायला आले, तर डॉक्टरीण भलतीकडेच बघत बसली." दोघी इतक्या हसल्या की नर्स ओरडली.

पहिल्या दिवशी मी त्यांना पान दोन वाचून दाखवलं. मोठ्यानं, सगळं, आईच्या मजकुरासकट. त्या ऐकत राहिल्या. चौथ्या ओळीनंतर म्हणाल्या, पुन्हा वाच. मग म्हणाल्या, "हे फेब्रुवारीत होतं?" मी म्हटलं, मार्चमध्ये होतं. त्यांनी विचारलं, "मग नर्सला कुणी दिलं?" मी म्हटलं, टपाल चुकून शाळेत आलं होतं. त्यांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. त्यांना कळलं. नाव त्यांनीही घेतलं नाही आणि मीही नाही.

काल त्यांनी निरोप सांगितला, तो जसाच्या तसा लिहिते. "त्या पौलासीला विचार, यंदाची पहिली कोनफळं कुठं आहेत? आत्याचा वाटा बोटीनं पाठवायचा असतो हे त्याला कुणी शिकवलं नाही का?" हा निरोप तुम्ही त्याला पोचवाल अशी खात्री आहे. शाळेत तुमची गाठ पडत असेलच. सगळ्या गावादेखत सांगा, दुकानासमोर.

कागद तुम्ही सांगितला तसा घडी करून छापायला गेला. वर कापडाची नक्षी. साहेबीणबाईंनी विचारलं, ही कल्पना कुणाची, खाली आभार मानायला नाव हवंय. मी म्हटलं, आमच्या गावच्या एक बाई आहेत, त्यांना नाव छापलेलं चालत नाही.

बाई, मला एक भाऊ आहे. त्याला मी काही लिहू शकत नाही, कधी लिहू शकणार नाही. आई गेली तेव्हा आम्ही शवपेटीच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि एकमेकांकडे पाहिलंही नाही. मला वाटायचं, त्याला काही वाटत नसेल. आता तसं वाटत नाही. एवढंच.

आईनं शेवटच्या आठवड्यात त्याच्याविषयी मला बरंच काही सांगितलं होतं. ते मी दोन वर्षं कुणाला बोलले नाही. ते वेगळं लिहून सोबत जोडलं आहे.

ते पान दोन आहे. वाचू नये. टाइपरायटरशेजारी पडू द्यावं.

लोसाना